पाहुणीलाही घेऊन या

“चिकनपॉक्स,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे कांजण्या.”

आणि मी, सहा वर्षांच्या पोरीची आई, पहिला प्रश्न काय विचारावा? “डॉक्टर, पुढच्या शुक्रवारी आम्हाला डहाणूला जायचंय. तोपर्यंत जातील ना?”

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझी मुलगी ओवी टेबलावर उघड्या पोटाने बसलेली, पोटावर आठ-दहा पाणीभरले फोड, अंगात ताप, आणि आईला पडलीय सहलीची. मला लाज वाटली. पण खरं सांगते, प्रश्न मागे घ्यावासा काही वाटला नाही.

त्या सहलीमागे काय होतं ते आधी सांगते, म्हणजे तुम्ही मला नावं ठेवायच्या आधी निदान ऐकून तरी घ्याल. आम्ही बोदवडला राहतो. आमचे हे जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर आहेत. कापसाचा हंगाम चालू असला की यांना सख्ख्या भावाच्या लग्नालाही सुट्टी मिळत नाही. जिनिंग बंद होतं आणि मशीनची दुरुस्ती सुरू होते, त्या मधल्या आठ दिवसांत काय जगायचं ते जगून घ्यायचं. यंदा ते आठ दिवस आम्ही अक्कांसाठी राखले होते. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, वय अडुसष्ट, माहेर मुक्ताईनगरकडचं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर त्याला ग्लॉकोमा म्हणतात. डोळ्यातला दाब वाढून बाजूची नजर हळूहळू जाते, आणि गेलेली परत येत नाही. थेंब चालू आहेत. पण तपासणी झाली त्या दिवशी घरी येताना गाडीत अक्का एवढंच म्हणाल्या, “समुद्र पाह्याचा राहूनच गेला.” हे दुसऱ्या दिवशी मोठ्या भावाला धुळ्याला फोन करून सहल ठरवून मोकळे झाले.

म्हणून तो प्रश्न.

डॉक्टरांनी मग नीट समजावलं, ते तुमच्यासाठीही लिहून ठेवते. कांजण्या संसर्गजन्य असतात, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जातात, खोकल्या-शिंकण्यातूनही आणि फोडातल्या पाण्यातूनही. पुरळ उठायच्या दोन दिवस आधीपासून मूल दुसऱ्याला देऊ शकतं, आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत देत राहतं. लहान मुलांत बहुतेक वेळा आठवडाभरात खपल्या धरतात. “पण बहुतेक वेळा म्हटलंय मी,” ते म्हणाले, “तारीख दिलेली नाही.” तापाला पॅरासिटामॉल, खाजेला कॅलामाइन लोशन, म्हणजे ते गुलाबी थंडगार औषध. ॲस्पिरिन चुकूनही द्यायची नाही. नखं कापायची. आणि रोज आंघोळ घालायची.

“घरात कोणाला कांजण्या व्हायच्या राहिल्यात?”

मला झालेल्या, यांना झालेल्या, अक्कांना तर कधीच्याच.

“घरात कोणी गरोदर आहे?”

“नाही,” मी म्हणाले. घरात खरंच नव्हतं.

बाहेर आलो तर रिसेप्शनवरच्या मुलीने आम्हाला वेटिंग रूममध्ये बसूच दिलं नाही. जिन्याखाली, चपलांच्या मांडणीजवळ दोन खुर्च्या मांडलेल्या. औषधं येईपर्यंत तिथे बसा म्हणाली. बरोबरच होतं तिचं. पण जळगावचं वैशाखाचं ऊन, जिन्याखाली पंखा नाही, पोर खाजवतेय आणि वरून जाणारा प्रत्येक माणूस वाकून बघतोय. मी मनात मुक्ताईनगरच्या त्या लग्नाला शिव्या घातल्या. अडीच आठवड्यांपूर्वी तिथे एक पोरगं अंगभर फोड घेऊन पंगतीत फिरत होतं. मी विचारलं तर त्याची आई म्हणाली, “काही नाही, उष्णता उठलीय.” उष्णता! ती उष्णता आता माझ्या पोरीच्या पोटावर बसली होती.

परतीच्या गाडीत, भुसावळ मागे पडल्यावर माझ्या डोक्यात वीज चमकली. पूजा!

पूजा म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंची, धुळ्याच्या सुनीताताईंची सून. पाचवा महिना लागलेला. तीही सहलीला येणार होती. आम्ही चौघं आणि ते चौघं, जळगावहून ठरवलेली नऊ सीटची गाडी, तासन् तास एकत्र प्रवास. घरात गेल्या गेल्या मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून मोबाइल काढला.

अक्का ओवीजवळ बसल्या होत्या. त्यांनी पोरीचा सदरा वर करून एकदाच पाहिलं आणि चक्क हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “कोनाले फोन लावू राहिली?”

“सुनीताताईंना. कांजण्यांचं सांगते.”

“अव, नाव नको घेऊ तिचं!” त्यांनी माझं मनगटच धरलं. “नाव घेतलं का तिले वाटते आपल्याले हाक मारली. मुक्काम वाढवते. दे मले, मी सांगते नीट.”

अक्कांच्या माहेरी या दुखण्याला नाव नाही. तिला पाहुणी म्हणायचं. पाहुणी आली की तिचा मान ठेवायचा, दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्याने भांडायचं नाही, आणि ती आपण होऊन निघाली की दहीभात दाखवून, ओटी भरून पाठवणी करायची. तोपर्यंत घरातल्या कोणी गाव सोडायचं नाही. मी बारा वर्षांपूर्वी या घरात आले तेव्हापासून हे ऐकतेय.

मी थकले होते. पोर कण्हत होती. मी मोबाइल दिला आणि लोशन शोधायला आत गेले. इथे माझं चुकलं. डॉक्टरांसमोर मी बसले होते, अक्का नव्हत्या. सांगायचं काम माझं होतं, आणि ते मी अडुसष्ट वर्षांच्या बाईवर ढकललं, कारण मला त्या क्षणी वाद नको होता.

आतून मला अक्कांचं बोलणं ऐकू आलं. “आमच्या इथी पाहुनी आली हाये व. हो, आजच आली. आता किती दिवस राह्यते, तिच्या मनावर हाये.” मग जरा वेळाने मोबाइल आणून देत म्हणाल्या, “मोठी म्हने, मंग तिले बी लई या ना, गाडीमा एक जागा रिकामीच शे. लई समजदार बाई हाये, देवाधर्माचं कळते तिले.”

मला वाटलं, ‘तिलाही घेऊन या’ हे सुनीताताईंनी अक्कांचं मन राखायला म्हटलं असेल. आपण सगळेच तसं करतो. त्यांना कळलंय, पूजाला त्या जपतील. मी निर्धास्त झाले. माझ्यासारखी शहाणी मीच!

पुढचे चार दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. मंगळवारी फोड पाठीवर गेले, बुधवारी डोक्यात. ताप एकशे दोन. ओवीला तोंडातही एक फोड आला, त्यामुळे जेवण बंद. ती रडायची ती खाजेने नाही. “आई, समुद्र मला सोडून जाईल का?” असं विचारून रडायची. एवढं ऐकल्यावर कोणत्या आईचा जीव थाऱ्यावर राहील?

इकडे अक्कांचा कायदा. डॉक्टर म्हणाले रोज आंघोळ, अक्का म्हणाल्या पाच दिवस पाणी लावायचं नाही. मी डॉक्टरांना फोन केला. ते हसले. “पाण्यात कडुलिंब टाका आणि घाला आंघोळ. त्यांचंही राहील, माझंही.” हे एक मात्र मला पटलं, आणि तुम्हालाही सांगते, घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी लढताना अशी वाट शोधा. पण फोडणीपुढे डॉक्टरांचं काही चाललं नाही. खानदेशात फोडणीशिवाय राहून बघा एकदा! ठेचा नाही, शेवभाजी नाही, वरणावर मोहरी तडतडायची नाही. आमचे हे दोन वेळा बिनफोडणीचं वरण आणि भात पुढ्यात घेऊन, एखाद्याच्या दहाव्याला आल्यासारखं तोंड करून बसायचे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “जा ना जिनिंगच्या कँटीनला!” तर अक्का आतून, “भांडू नका, ती ऐकते हाये.”

मी घरी ब्लाउज शिवते. लग्नसराईत बायकांची रीघ असते. त्यांनाही नाव सांगायचं नाही म्हणून मी मशीन बिघडलंय म्हणून सांगत होते. मशीन बिचारं कोपऱ्यात धडधाकट बसलेलं.

आणि दिवसातून तीन वेळा मी पोरीला उजेडात उभी करून फोड बघायचे. कोणते ओले, कोणते सुकले. शेजारच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, घातले होते. ते उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळले, पण माझ्या पोरीच्या अंगावरचे फोड काही वाळेनात. एक सुकला की बाजूला दुसरा हसत वर यायचा. अक्का म्हणायच्या, “तुले एवढी कायची घाई व? समुद्र का पळून चालला?” मला म्हणावंसं वाटायचं, समुद्र नाही पळत, तुमचे डोळे पळताहेत. पण घरात भांडायचं नव्हतं ना. गिळून टाकलं.

शुक्रवारी दुपारी दारात गाडी थांबली.

मी ओवीच्या पाठीला लोशन लावत होते. बाहेरून हाक आली, “अव, कोण शे का घरमा? पाव्हनी कोठे शे तुमची?” सुनीताताईंचा आवाज, त्यांच्या धुळ्याकडच्या अहिराणीत. मला वाटलं अंगणातूनच चौकशी करून जातील. तेवढ्यात त्या आत आल्या, आणि त्यांच्या मागोमाग पोटावर हात ठेवून पूजा. मुक्ताईचं दर्शन घेऊन धुळ्याला परत चालल्या होत्या. वाटेत आम्हाला चकित करायचं म्हणून न कळवता आल्या. सुनीताताईंच्या हातात पिशवी, पिशवीत उन्हाच्या टोप्या. सगळ्यांना एकसारख्या, केशरी.

“आठ आपल्याले,” त्या टोप्या काढत म्हणाल्या, “आनि एक तुमनी पाव्हनीले. मापनं काय माहीत नही, पन बसी जाई.”

मला काही कळायच्या आत ओवी माझ्या हातून सुटली. पूजावहिनी तिची फार लाडकी. ती धावत गेली आणि उघड्या अंगाने, लोशनच्या गुलाबी ठिपक्यांसकट, तिच्या पोटाला मिठी मारून कान लावून उभी राहिली. “बाळ, मला ऐकू येतंय का?”

मी किंचाळले. अशी किंचाळले की शेजारचे गच्चीवरून डोकावले. पोरीला ओढलं, ती भोकाड पसरून रडायला लागली. पूजा गोंधळून तिच्या केसांवरून हात फिरवतेय, मी तिचा हात झटकतेय, सुनीताताई म्हणताहेत, “काय झायं? उन्हाना घामोळ्या शेत ना?”

“कांजण्या आहेत ताई! सोमवारपासून! अक्कांनी सांगितलं ना तुम्हाला!”

“कवय? त्या तं पाव्हनी उनी म्हणत!”

आम्ही तिघी अक्कांकडे वळलो. अक्का देवघराच्या चौकटीत उभ्या होत्या. “मंग मी काय सांगितलं?” त्या म्हणाल्या. पण आवाज पडला होता. “पाहुनीच तं म्हनलं.”

“मला वाटलं तुमच्या माहेरची कोणी बाई उनी!” सुनीताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी टोपी आणली तिले, अक्का!”

आणि दाराचा डहाळा? तो असता तरी त्यांना उंबऱ्याबाहेरच कळलं असतं. मी दाराकडे धावले. सुतळी लटकत होती, खाली दोन देठं. शेजारच्या बकरीने सकाळीच पाहुणीची पाटी खाऊन टाकली होती.

पूजाला कांजण्या झाल्या होत्या की नाही, तिला माहीत नव्हतं. आई लहानपणीच गेलेली. तासाभरात त्या दोघी धुळ्याला रवाना झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ओवीला यांच्याजवळ ठेवून मी आणि अक्काही एसटीने धुळ्याला गेलो. मला जायलाच हवं होतं. अक्कांना कोणी चला म्हटलं नव्हतं. त्या आपण होऊन पायात चपला घालून फाटकाशी उभ्या राहिल्या. पाहुणी असताना गाव सोडायचं नाही, हा त्यांचाच नियम. मी आठवण करून दिली नाही. पाच तासांचा प्रवास होता.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांचं बोलणं जसं आठवतं तसं देते. “लहानपणी कांजण्या होऊन गेल्या असतील तर काळजी नाही. झाल्या नसतील आणि आता गरोदरपणात झाल्या, तर आईला न्यूमोनिया होऊ शकतो, आणि क्वचित बाळालाही त्रास होतो. म्हणून आपण व्हॅरिसेला आयजीजी करू.” व्हॅरिसेला हे कांजण्यांच्या विषाणूचं नाव. आयजीजी म्हणजे शरीराने जुन्या लढाईनंतर जपून ठेवलेली प्रतिपिंडं. ती रक्तात सापडली तर समजायचं, ही लढाई आधीच जिंकलेली आहे. सापडली नाहीत तर इम्युनोग्लोब्युलिन नावाचं इंजेक्शन, म्हणजे तयार प्रतिपिंडं बाहेरून द्यायची. तेही संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत, आणि ते लगेच मिळेलच असं नाही. रक्त बाहेरच्या लॅबला जाणार. रिपोर्ट मंगळवारी.

वेटिंग रूममध्ये पूजाचा नवरा निलेश एका खुर्चीत, आम्ही समोर.   पूजानेच शेवटी साक्रीकडच्या आपल्या वडिलांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. “आबा, मला लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का?”

पलीकडे आधी नुसती खरखर. मग आबा म्हणाले, “तसं काय याद नही, बेटा. तू चार वरीसनी व्हती तवय घरमा पाव्हनी उनी व्हती, तितलं याद शे. पंधरा दिन ऱ्हायनी.”

“आबा, पाव्हनी नही इचारी ऱ्हायनू!” सुनीताताई वैतागल्या. “कोण, मावशी उनी व्हती का आत्या?”

अक्का उठल्या. सरळ फोन हातात घेतला आणि तोंडाशी धरून विचारलं, “आबा, दाराले कडुलिंब बांधला व्हता का?”

“हां, बांधेल व्हता.”

“फोडनी बंद व्हती?”

“बठ्ठं बंद व्हतं. मिरचीबी नही.”

“पोरीची ओटी भरली व्हती शेवटी?”

“हां, दहीभात करा व्हता तिनी मायनी.”

अक्कांनी फोन परत दिला आणि खुर्चीत बसून पदराने डोळे पुसले. ज्या शब्दाने घात केला होता त्याच शब्दाला धरून आम्ही सगळे बसलो. डॉक्टरीणबाईंनी ऐकून मान डोलावली. “अक्का, तुमचं बहुतेक बरोबर आहे. पण रक्ताला बोलू द्या.”

सगळ्यांनी ठरवलं, रिपोर्ट वाईट आला तर सहल रद्द. यांनी गाडीवाल्याला तसं सांगूनही ठेवलं. तुमच्यावर कधी अशी वेळ आली तर एक सांगते: रिपोर्टची वाट बघताना गूगल उघडू नका. मी उघडलं. रविवार, सोमवार मी पूजाला दर दोन तासांनी “कशी आहेस” विचारत होते. शेवटी तीच म्हणाली, “काकू, मी बरी आहे, तुमच्या फोननेच मला धडधडतं.” अक्का नुसत्या देवघरासमोर बसून होत्या. ओवीचे फोड मोजायचे मी विसरलेच.

मंगळवारी दुपारी निलेशचा फोन आला. “काकू, आयजीजी पॉझिटिव्ह.” मी पॉझिटिव्ह ऐकून ते इंजेक्शन कुठे मिळेल हेच विचारायला लागले. मग आठवलं, इथे पॉझिटिव्ह चांगलं. पूजाच्या रक्तात प्रतिपिंडं होती. तिच्या चौथ्या वर्षी आलेली पाहुणी खरंच तीच होती. मी स्वयंपाकघरात जाऊन जरा वेळ भिंतीला डोकं टेकून रडले, आणि मग काय झालं कुणास ठाऊक, तेल तापवून मोहरी टाकली. अख्ख्या घरात फोडणीचा वास. अक्कांनी देवघराचं दार तेवढं लोटून घेतलं.

गुरुवारी डॉक्टरांनी ओवीला उजेडात उभी करून पायापासून डोक्यापर्यंत तपासलं. कानामागचा शेवटचा फोडही सुकला होता. “खपल्या आहेत, पण सगळ्या कोरड्या. आता ती कोणाला देणार नाही. जा बाई तुमच्या सहलीला.” मी डॉक्टरांच्या पायाच पडणार होते.

घरी येऊन बॅग ओढली तर अक्का म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या. मी नाही येत.”

“काय?”

“तिची पाठवनी राहिली हाये. मंगळवारीच कराची असते, तवा आपन त्या रिपोर्टात व्हतो. आता येत्या मंगळवारी करीन. घरात पाहुनी टाकून घरच्या मोठ्या बाईनं कसं जावं? आधीच माह्यावाली चूक झाली एक.”

मग मात्र माझा बांध फुटला. भांडू नको, ती ऐकते, गेलं सगळं खड्ड्यात. “अक्का, आम्ही कोणासाठी जातोय? मला नाही बघायचा समुद्र! यांनी वर्षाची सुट्टी कशासाठी राखली? तुमची बाजूची नजर चाललीय. पुढच्या वर्षी किती राहील ते डॉक्टरलाही माहीत नाही. अकरा दिवस मी पोरीच्या अंगावरचा एकेक फोड कोणासाठी मोजला? तुमच्या डोळ्यांसाठी!”

घरात हे मोठ्याने कोणी कधी बोललं नव्हतं. हे दारात उभे, ओवी तोंड उघडं टाकून बघतेय. अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मला वाटलं, झालं, आता जन्माचा अबोला.

“गाडीत जागा किती हायेत?” त्यांनी विचारलं.

“नऊ.”

“आपन आठ ना?”

“हो.”

“मोठीनं मले फोनवर सांगितलं व्हतं, तिले बी लई या म्हनून.” त्या उठल्या. “मंग आनतो तिले बी.”

मी सांगते, हसावं की कपाळ बडवून घ्यावं मला कळेना. शुक्रवारी पहाटे गाडी दारात आली तेव्हा अक्कांनी हळदीकुंकू लावलेला एक नारळ, कडुलिंबाच्या पाल्यात बसवून, हिरव्या खणात गुंडाळून खिडकीच्या सीटवर ठेवला. वर सुनीताताईंनी आणलेली नववी केशरी टोपी घातली. ओवीने तिला सीटबेल्टही लावला. मी आणि हे मागच्या अरुंद सीटवर गुडघे हनुवटीला लावून डहाणूपर्यंत, आणि पाहुणी खिडकीपाशी ऐसपैस. धुळ्याला गाडीत चढताना सुनीताताईंनी ती टोपी पाहिली, आधी हात जोडले आणि मग खो खो हसत सुटल्या. पूजा ओवीपासून दोन सीट सोडून बसली. डॉक्टरांनी गरज नाही म्हटलं होतं, तरी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही समुद्रावर गेलो. अक्का वाळूत थांबल्या. त्यांना समोरचंच दिसतं, बाजूचं नाही, म्हणून त्यांनी समुद्र एका टोकाकडून बघायला घेतला आणि मान हळूहळू फिरवत दुसऱ्या टोकापर्यंत नेली. मग परत तशीच उलटी.  ह्यांनी गॉगल लावला, सकाळी सात वाजता.

मग ओवीचा हात धरून अक्का घोट्याभर पाण्यात गेल्या आणि दहीभाताचा घास व नारळ लाटेवर सोडला. “ये माय आता, सुखी राह्य.” लाट नारळ घेऊन गेली, आणि पुढच्या लाटेने तो परत त्यांच्या पायाशी आणून ठेवला. अक्कांनी पुन्हा सोडला. पुन्हा आला. “आजी, ती जातच नाही!” ओवी टाळ्या वाजवत नाचायला लागली. मी म्हटलं, जाईल कशाला, एवढी बडदास्त कोण ठेवतं?

तिसऱ्या वेळी नारळ जरा लांब वाहत गेला. तिथे एक तरुण बाई, हातात शहाळ्यांची टोपली, सात-आठ महिन्यांचं पोट, वाकून तो उचलायला गेली.

“हात लावू नको!” अक्का एवढ्या जोरात ओरडल्या की किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. “दूर हो, माय! कांजन्या! आमच्या पोरीले कांजन्या झाल्या व्हत्या! कांजन्या!”

ती बाई घाबरून चार पावलं मागे सरली. खपल्या वाळल्या होत्या, नारळाने काही होत नाही, हे सगळं मला माहीत होतं. मी त्यांना थांबवलं नाही. इतके दिवस ज्या शब्दाला आमच्या घरात बंदी होती तो अक्का पाण्यात उभ्या राहून, दोन्ही हात हलवत, अख्ख्या समुद्राला ऐकू जाईल असा ओरडत होत्या.